गळ, दोरी आणि सोबत
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

दरवर्षी या व्यासपीठावरून मधुमेह, गुंतवणूक, योगासनं अशा उपयोगाच्या विषयांवर भाषणं होतात. यंदा चिटणीसांचा मला फोन आला, ‘काका, तुमच्या छंदावर बोलाल का?’ मी म्हटलं, ‘अहो, माझा छंद गळ टाकून मासे धरण्याचा. समोर बाप्पा बसलेले, निम्मं मंडळ शाकाहारी, आणि मी माशांवर बोलू?’ ते म्हणाले, ‘बोला हो बिनधास्त. तुम्ही तरी कुठे खाता?’

खरं आहे ते. मी मासे खात नाही. चाळीस वर्षांहून जास्त काळ गळ टाकतोय, पण आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. धरलेला मासा सोबत्यांच्या घरी गेला, नाहीतर परत पाण्यात गेला. त्यामुळे मला दोन्हीकडून बोल लावून घ्यावे लागतात. मासे खाणारे म्हणतात, ‘हा वेडा आहे, उन्हात दिवसभर बसतो आणि रिकाम्या हाताने येतो.’ न खाणारे म्हणतात, ‘खायचं नाही तर त्या मुक्या जिवाला छळतोस कशाला?’ पहिल्यांना उत्तर देणं सोपं आहे. दुसऱ्यांचा प्रश्न मला अजून टोचतो. आज दोघांशीही बोलणार आहे.

मी 1979 साली निपाणीहून नोकरीसाठी हुबळीत आलो आणि नवनगरात एक खोली भाड्याने घेतली. तेव्हा इथे आजच्यासारखी गजबज नव्हती. हुबळी एकीकडे, धारवाड दुसरीकडे आणि मध्ये आपण. संध्याकाळी सातनंतर काय करायचं हा मोठा प्रश्न असायचा. कन्नड येत नव्हतं, ओळखीचं कोणी नव्हतं. शेजारी रेल्वे वर्कशॉपमधले एक फिटर राहत होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. एका शनिवारी त्यांनी भिंतीवरून हाक मारली, ‘नाळे रजा अद, मीन हिडियाक होगोणु.’ उद्या सुट्टी आहे, मासे धरायला जाऊ. मला एवढंच कळलं की हा माणूस मला कुठेतरी बोलावतोय. मी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पॅसेंजरने आम्ही मुगदला उतरलो. लोंढ्याकडे जाणारी ती लाईन तेव्हा मीटरगेज होती. तळ्याच्या बांधावर बसल्यावर अण्णा मला म्हणाले, ‘गाळ तगोंड बर्री.’ मी बुचकळ्यात पडलो. गाळ कशाला हवा यांना? पण वडीलधारा माणूस सांगतोय, म्हणून खाली उतरलो आणि दोन्ही ओंजळी भरून तळ्यातला चिखल घेऊन आलो. अण्णा आधी बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. कन्नडमध्ये ‘गाळ’ म्हणजे आपला गळ! तो बांधावर ठेवलेल्या पिशवीत होता. पुढे मी कितीही चांगलं कन्नड बोललो तरी ते लोकांना सांगायचे, ‘हा माणूस गळ आणा म्हटलं तर चिखल आणतो.’

मंडळी, कानडी आणि मराठी माणसांनी एकत्र मिळून माशांचा विचार करणं ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, साधारण 1130 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. त्याच्या राज्यात आपला हा भाग होता आणि महाराष्ट्राचाही बराच भाग होता. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथात आहे, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला मानतात. पण याच ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं एक प्रकरण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विनोद म्हणजे इथे करमणूक. कोणते मासे समुद्रातले, कोणते नदीतले, कोणाला खवले असतात, कोणाला नसतात, कोणाला काय खाऊ घालायचं, दोरी कशाची वळायची, काठी कशी असावी, मासा लागल्यावर काय करायचं, हे सगळं त्यात आहे. तीळ, भात, हरभऱ्याचं पीठ अशा आमिषांचा उल्लेख आहे. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यावर लेख लिहिला होता. मला तो वाचल्यावर गंमत वाटली. नऊशे वर्षांपूर्वीचा राजा जे मळत होता, तेच आमचे अण्णा मळत होते. फरक एवढाच की अण्णा ते जेवणाच्या डब्याच्या झाकणात मळायचे.

आता सामानाकडे वळतो. मुलांना यातच जास्त रस असतो.

आमचं पहिलं सामान म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गळ, शिशाचा मणी आणि पाण्यावर तरंगणारं भेंड. तंगूस म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी. काठी लवचिक हवी. काठीचं खरं काम मासा उचलण्याचं नाही, झटका पोटात घालण्याचं आहे. मासा ओढतो, काठी वाकते, आणि त्यामुळे दोरीवरचा ताण कमी होतो. पुढे माझ्याकडे फायबरची काठी आणि फिरकीचं रीळ आलं. त्या रिळाला एक आटा असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. तो असा लावायचा की दोरी तुटण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे तिच्या ताकदीच्या साधारण चौथ्या भागावरच, रीळ सैल सुटून दोरी द्यायला लागलं पाहिजे. नवशिका हा आटा घट्ट आवळतो. मोठा मासा लागला की पहिल्याच धावेत दोरी तुटते, आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. नुकसान दोघांचंही होतं, पण माशाचं जास्त.

गाठ हा दुसरा विषय. आमच्यात एक शिंपी होते, चाचा म्हणायचो आम्ही त्यांना. गाठ मारायला ते आमचे गुरू. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायची, स्वतःभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक परत फासातून काढायचं. आता आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी गाठ आवळली की घासण्याने गरम होते आणि नायलॉन तिथेच कमजोर पडतं. चाचा म्हणायचे, ‘घाईने मारलेली गाठ आणि घाईने घातलेला टाका, दोन्ही गिऱ्हाईकासमोरच उसवतात.’

आमिषाचं प्रत्येकाचं गुपित असतं. गव्हाची कणीक, शेंगदाण्याची पेंड, भाजलेले तीळ, थोडा गूळ, हे सर्वसाधारण. गांडूळ सगळ्यांना चालतं. पण आमिषापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते किती खोल सोडायचं. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळ तळाशी चरतो. म्हणजे एकाच तळ्यात, एकाच जागी, भेंड दोन हात वर-खाली सरकवलं की गिऱ्हाईक बदलतं. तीनमजली वाड्यासारखं आहे ते. खालच्या बिऱ्हाडाचं पत्र वरच्या मजल्यावर टाकून चालत नाही.

हे तिन्ही मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात, साठलेल्या तळ्यात घालत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून हुकमी अंडी घालून घेतली. तेव्हापासून तळ्यात सोडायला बीज मिळू लागलं. आपल्या तळ्यातला कटला हा असा सोडलेला असतो, आणि त्यावर कोणाचा तरी संसार चालत असतो. म्हणून आमचा पहिला नियम, तळ्याचा ठेका ज्याचा आहे त्याला विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. ते पोटासाठी जाळं टाकतात, आपण हौसेसाठी गळ टाकतो. हौसेने पोटाला वाट द्यावी.

हळूहळू आमची पाच-सहा जणांची टोळी जमली. अण्णा, चाचा, एक प्राथमिक शाळेतले गुरुजी, एक लॉरीचे ड्रायव्हर, आणि मी बँकेतला कारकून. भाषा तीन, जाती अनेक, पण बांधावर एकच सतरंजी. जेवणाच्या वेळी ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी, गिरमिट आणि मिरची भजी. चाचा माझ्यासाठी वेगळा डबा आणायचे, त्यात फक्त भाजी. मी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी बघून ठेवलं असणार.

या मैत्रीची एक खासियत आहे. सहा-सहा तास शेजारी बसायचं आणि बोलायचं जेमतेम वीस वाक्यं. कोणाच्या घरी काय चाललंय हे बोलण्याआधी त्याच्या दोरी फेकण्यावरून कळायचं. गुरुजींची मुलगी आजारी होती त्या महिन्यात त्यांचं भेंड बुडायचं आणि त्यांना दिसायचं नाही. कोणी विचारलं नाही. अण्णा उठून त्यांच्या जवळ बसले आणि त्यांचं भेंड स्वतः बघत राहिले. पुढे तिच्या उपचाराला पैसे लागले तेव्हा ते याच बांधावर जमा झाले. कोणी किती दिले हे कोणाला माहीत नाही.

आता मला न आवडणारी गोष्ट सांगतो. सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय हे भाषण म्हणजे नुसती फुशारकी होईल.

मरळ हा मासा आपल्या तळ्यांत असतो. सापासारखं डोकं, जोरदार अंग. त्याला हवेत श्वास घ्यायला वर यावं लागतं, म्हणून तो कुठे आहे हे पाण्यावरच्या बुडबुड्यावरून कळतं. या माशाचा एक विशेष आहे. तो आपली पिल्लं सांभाळतो. पिल्लांचा तांबूस-नारिंगी थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ उकळी फुटल्यासारखा दिसतो आणि आई-बाप त्याखाली राखण करत असतात. जवळ काहीही आलं की ते तुटून पडतात. भुकेने नव्हे, रागाने. म्हणजे त्या थव्याजवळ रबराचा बेडूक टाकला की मोठा मरळ हमखास लागतो. नवशिक्याला यासारखा सोपा मासा नाही.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा मुरलेला खेळाडू होतो, म्हणजे तसं मला वाटत होतं. पावसाळ्याचे दिवस. तो तांबूस थवा दिसला. अण्णा लांब बसले होते. मी बेडूक टाकला. पहिल्याच फेकीत पाणी फुटलं आणि मरळ लागला. दहा मिनिटं खेळवून बांधावर ओढला. माझ्या हाताएवढा लांब होता. मी आनंदाने ओरडलो, ‘अण्णा, बघा!’

अण्णा आले. त्यांनी माशाकडे बघितलंच नाही. पाण्याकडे बोट केलं. तिथे तो थवा होता तिथे पाणी खळबळत होतं. लहान-मोठे दुसरे मासे पिल्लांवर तुटून पडले होते. थोड्या वेळाने पाणी शांत झालं. तांबूस रंग दिसेना.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली दोरी गुंडाळली, काठी खांद्यावर टाकली आणि स्टेशनच्या दिशेने चालायला लागले. दुपारचे अकरा वाजले होते, गाडी संध्याकाळी होती. मी मागून गेलो नाही. त्यानंतर तीन आठवडे भिंतीवरून हाक आली नाही. शेवटी मीच त्यांच्या दारात गेलो. त्यांनी चहा दिला, आणि एवढंच म्हणाले, ‘मासा धरणं चुकत नाही. केव्हा धरायचा नाही हे कळलं पाहिजे.’ मग आत गेले आणि एक वही घेऊन आले.

ही वही म्हणजे त्यांच्या हिशोबाची वही. प्रत्येक रविवारची तारीख, तळं, पाणी गढूळ की स्वच्छ, वारा कुठला, आमिष कोणतं, मासा कोणता, ठेवला की सोडला. फिटर माणूस, जॉबकार्ड भरायची सवय. त्या दिवशी त्यांनी मला माझ्या हाताने त्या मरळाची नोंद करायला लावली. तारीख, तळं, ‘पिल्लांवर असताना धरला’. ती ओळ आजही तिथे आहे.

त्या दिवसापासून मी बदललो. गळाला उलटा काटा असतो ना, मासा सुटू नये म्हणून, तो मी पक्कडीने दाबून सपाट करतो. त्याने मासे जास्त सुटतात. सुटू देत. माशाला हात लावण्याआधी हात ओले करतो, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कवच आहे, कोरड्या हाताने ते निघतं आणि रोग होतो. कल्ल्यात बोट घालत नाही. सोडताना फेकत नाही, पाण्यात धरून ठेवतो, तो स्वतःच्या जोराने निघाला की मग हात सोडतो. आणि पिल्लांचा थवा दिसला तर दोरी गुंडाळतो.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी त्यांच्या वह्या माझ्याकडे दिल्या. मुलगा म्हणाला, ‘अप्पांनी तुम्हालाच द्यायला सांगितलंय.’ मी त्या पुढे चालू ठेवल्या. एकदा पावसात घरी बसून सगळ्या पहिल्यापासून वाचल्या. सुरुवातीच्या पानांवर माशांची किती नावं! काही कानडी, काही मराठी, काही तर फक्त त्या गावातली. जसजशी पानं उलटावी तसतशी नावं कमी होत जातात. शेवटच्या वह्यांमध्ये पान पान चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, हा परदेशातला मासा, 1952 साली आपल्या देशात आणला. कशाही पाण्यात तगतो, भराभर वाढतो, आणि बाकीच्यांची जागा घेतो. हे कोणी मला शिकवलं नाही. एका फिटरच्या वहीने दाखवलं.

नावांवरून आठवलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवर लिहिलं, 1839 च्या सुमारास. नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द तसेच घेतले. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही आपल्या माशांना ‘खुद्री’, ‘फुलुंगी’, ‘गोग्रा’, ‘शिंगाला’ असं म्हणतात. नदीकाठच्या माणसाचा शब्द लॅटिनमध्ये जाऊन बसला. पण त्या नावाचा मासा नदीत राहिला नाही, तर त्या नावाचं काय करायचं?

माझी ही वहीची गोष्ट कोणाला भाबडी वाटेल. म्हणून कर्नाटकातलंच मोठं उदाहरण देतो. कावेरीतला महासीर जगप्रसिद्ध. 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने कबिनी नदीत गळाला 120 पौंडांचा, म्हणजे 54 किलोंचा महासीर लावला होता. पुढे भीमेश्वरी, गलिबोरे अशा ठिकाणी कावेरीकाठी गळवाल्यांचे तळ उभे राहिले. देशोदेशीचे लोक यायचे. नियम एकच, धरलेला मासा परत सोडायचा, आणि वहीत नोंद करायची. 2012 साली ते बंद झालं, कारण तो भाग अभयारण्यात येतो. पण वह्या राहिल्या. संशोधकांनी 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी तपासल्या. तेव्हा दिसलं की कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर कमी कमी होत गेला, आणि त्याच्या जागी निळसर पंखांचा महासीर वाढत गेला. हा निळसर पंखांचा मासा म्हणजे आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला खुद्री. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास केली, मासा वाचावा म्हणून, आणि ते मोठंच काम आहे. पण त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला, घर मात्र दुसऱ्याचं. 2018 साली त्या कुबड्या माशाचं शास्त्रीय नाव निश्चित झालं आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. हे सगळं समजलं ते कशावरून? हौशी माणसांनी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या ओळींवरून.

मुंबईला पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. इंग्रजांच्या काळातल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशनची ती वारस. मी एकदा भाच्याबरोबर तिथे गेलो होतो. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्ये, मगरी असलेला तलाव, आणि काठावर शांत बसलेली माणसं. मला ओळखीचं कोणी नव्हतं. पण एक गृहस्थ माझ्याकडे न बघता थोडे बाजूला सरकले आणि जागा करून दिली. मला मुगदचा बांध आठवला. गळवाल्यांचं स्वागत जगभर असंच असतं. बोलत नाहीत, सरकून बसतात.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. खायचं नाही तर छळायचं कशाला? परवा माझ्या नातवानेच विचारलं. ‘आजोबा, त्याला दुखत नाही का?’ मी त्याला ‘नाही’ म्हणू शकलो नाही. त्रास होतोच. दाबलेला काटा, ओले हात, हे सगळं करून तो त्रास कमी होतो, संपत नाही. माझ्याकडे यावर धुतल्या तांदळासारखं उत्तर नाही. मी त्याला एवढंच सांगितलं, मी जर गळ टाकला नसता, तर त्या तळ्याकडे मी एवढी वर्षं बघितलंच नसतं. रस्त्याने जाताना तळं म्हणजे नुसतं चकाकणारं पाणी. काठावर बसलं की कळतं, पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागले तर पाण्यातला प्राणवायू संपलाय. आधी रोहू-कटला जातात, मरळ मात्र हवेत श्वास घेतो म्हणून मागे राहतो. जलपर्णी या वर्षी कुठून शिरली, कुठल्या नाल्याचं पाणी कधी काळं झालं, हे काठावरच्या माणसाला आधी कळतं. आपण उणकलच्या तळ्याजवळून रोज बसने जातो. त्यात आज कोणते मासे आहेत हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? गळवाला हा पाण्याचा साक्षीदार असतो. साक्षीदारही निर्दोष असतोच असं नाही. पण साक्षीदारच नसेल तर खटला उभाच राहत नाही.

नातू म्हणाला, ‘मग गळ न टाकता नुसतं बसून वही लिहिली तर?’ मंडळी, मला उत्तर सुचलं नाही. गेले काही रविवार तो माझ्याबरोबर येतो. मी काठी धरतो, तो वही लिहितो. त्याचं अक्षर अण्णांच्या अक्षराखाली पडतंय. कदाचित माझ्यानंतर काठी राहणार नाही, वही राहील. तसं झालं तरी मला चालेल.

शेवटी, बाप्पांसमोर उभा आहे म्हणून एक विनंती. परवा विसर्जन. मी उपदेश करणार नाही, काठावर बसून जे दिसतं तेवढंच सांगतो. शाडूची मूर्ती काही तासांत विरते. प्लास्टरची मूर्ती पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की हात तुटलेली, रंग उडालेली, चिखलात तशीच दिसते. अण्णा अशी मूर्ती दिसली की चप्पल काढून नमस्कार करायचे, आणि मग दिवसभर गप्प असायचे. निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि भाद्रपदात पिल्लं अजून लहान असतात. आपल्या मंडळाची मूर्ती शाडूची आहे याचा मला अभिमान आहे. निर्माल्याची टोपलीही काठावरच ठेवली तर तळ्यातली बिऱ्हाडं आपल्याला दुवा देतील.

आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी रविवारी पहाटे यावं. काठी नसली तरी चालेल. भाकरी आमच्याकडे असते. शांत बसता आलं पाहिजे, एवढीच अट. आणि मी ‘गाळ आणा’ म्हटलं, तर कृपा करून चिखल आणू नका.

गणपती बाप्पा मोरया!